इब्री संदेष्टे आणि पहिल्या पिढ्यांचे ख्रिस्ती

संदेष्टा म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर भविष्य सांगणारा माणूस येतो. नाताळच्या दिवसांत चर्चमध्ये यशयाच्या ग्रंथातले उतारे वाचले जातात, त्यांत जन्माला येणाऱ्या बाळाचा उल्लेख असतो, आणि ऐकणाऱ्याची अशी समजूत होते की बेथलेहेमातली घटना एका माणसाने सातशे वर्षे आधी पाहून लिहून ठेवली होती. ख्रिस्ती श्रद्धेत या समजुतीला जुने आणि मानाचे स्थान आहे. परंतु तिच्यामागे दोन गोष्टी झाकल्या जातात. हे संदेष्टे मुळात कोणाशी आणि कशाबद्दल बोलत होते, ही एक. आणि येशूच्या पहिल्या अनुयायांनी त्यांच्याकडून भाकितांखेरीज आणखी काय घेतले, ही दुसरी. माझ्या मते या दुसऱ्या गोष्टीचा प्रभाव अधिक खोल आहे, पण तिच्यापर्यंत पोहोचायचे तर पहिलीपासूनच सुरुवात करावी लागते.

इ.स.पू. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात दावीद आणि शलमोन यांच्या राज्याची दोन शकले झाली. उत्तरेला इस्राएल, ज्याची राजधानी पुढे शोमरोन झाली, आणि दक्षिणेला यहूदा, ज्याची राजधानी यरुशलेम. एका बाजूला मिसर (इजिप्त) आणि दुसऱ्या बाजूला आधी अश्शूर (असिरिया) व नंतर बाबेल (बॅबिलोन), अशा बलाढ्य सत्तांच्या वाटेवर ही दोन लहान राज्ये होती. या लोकांची मूळ श्रद्धा अशी, की परमेश्वराने त्यांच्या पूर्वजांना मिसरच्या गुलामीतून सोडवले आणि त्यांच्याशी करार केला. त्या करारात जशी आश्वासने होती तशाच अटीही होत्या. परक्याला, विधवेला आणि अनाथाला नाडू नये, वजनमापात खोट करू नये, मजुराची मजुरी रात्रभर अडकवून ठेवू नये, अशा अगदी व्यवहारातल्या अटी. संदेष्टा हा त्या कराराची आठवण करून देणारा निरोप्या होता. त्या काळी एका राजाचा दूत दुसऱ्या राजाकडे गेला की ‘अमुक राजा असे म्हणतो’ या शब्दांनी सुरुवात करीत असे. यरुशलेमच्या वेशीबाहेर अश्शूरचा सरदार असाच बोलल्याची नोंद आहे. संदेष्टे तीच दरबारी पद्धत उचलून ‘परमेश्वर असे म्हणतो’ अशी सुरुवात करीत.

असे निरोपे फक्त इस्राएलात होते असेही नाही. फरात नदीकाठच्या मारी या प्राचीन नगरीत इ.स.पू. अठराव्या शतकातली पत्रे सापडली आहेत, आणि त्यांत देवाचा निरोप घेऊन राजाकडे आलेल्या स्त्री-पुरुषांच्या हकीकती आहेत. इस्राएलच्या राजांच्या पदरीही संदेष्टे असत आणि ते बहुधा राजाला हवे तेच सांगत. अहाब राजाने युद्धावर जाण्यापूर्वी चारशे संदेष्ट्यांना विचारले, चारशेंनीही विजय सांगितला, आणि मीखाया नावाच्या एकट्याने पराभव सांगितला म्हणून त्याला तुरुंगात टाकले. इस्राएलचे वेगळेपण मीखायासारख्यांचे शब्द जपून ठेवण्यात आहे. राजाची, मंदिराची आणि स्वतःच्याच समाजाची निर्भर्त्सना करणारे इतके साहित्य एखाद्या समाजाने स्वतःच्या पवित्र ग्रंथात ठेवावे, ही प्राचीन जगात विरळा गोष्ट होती.

ज्यांच्या नावाने ग्रंथ आहेत अशा संदेष्ट्यांत बहुधा सर्वांत आधीचा आमोस. यरुशलेमच्या दक्षिणेकडील तकोवा गावचा हा मेंढपाळ, उंबराच्या झाडांची निगा राखणारा. इ.स.पू. ७५०च्या सुमारास दुसऱ्या यरोबाम राजाच्या अमदानीत तो सीमा ओलांडून उत्तरेच्या राज्यात, बेथेलच्या राजमंदिरात गेला. तो सुबत्तेचा काळ होता. हस्तिदंताने मढवलेले पलंग, उन्हाळ्याची आणि हिवाळ्याची वेगळी घरे, वाद्यांच्या साथीने चाललेल्या मेजवान्या, हे सगळे आमोसाच्या बोलण्यात येते. आणि त्याच्याच शेजारी चपलांच्या जोडीपायी विकले जाणारे गरीब आणि धान्यात भुसा मिसळून विकणारे व्यापारी येतात. तुमच्या सणांचा मला तिटकारा आहे, तुमची गाणी माझ्यापुढून दूर करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या, असे तो परमेश्वराच्या वतीने सांगतो. बेथेलचा याजक अमस्या त्याला म्हणाला, आपल्या मुलखात जा आणि तिथे संदेश सांगून पोट भर. त्यावर आमोसाचे उत्तर असे, की मी संदेष्टा नाही आणि संदेष्ट्यांच्या मंडळीतलाही नाही. मी मेंढरांमागे चालत होतो, तिथून मला उचलून पाठवले. हा धंदा नसल्याचा दावा पुढच्या सगळ्या परंपरेला पुरून उरला.

आमोसाने सांगितलेला नाश काही दशकांतच आला. इ.स.पू. ७२२मध्ये अश्शूरने शोमरोन घेतले आणि उत्तरेचे राज्य संपले. आमोसानंतर थोड्याच काळाने उत्तरेतच होशेय बोलला, यहूदात यशया आणि मीखा यांनी राजांना अश्शूरशी कसे वागावे याबद्दल उघड राजकीय सल्ले दिले. या सल्ल्यांचा तपशील ठाऊक असल्याखेरीज यशयाचा निम्मा ग्रंथ समजत नाही, हे नाताळच्या उताऱ्यांवरून कोणाच्या लक्षात येणार नाही.

यिर्मयाची कथा मात्र थांबून पाहण्यासारखी आहे, कारण संदेष्टेपणाच्या सगळ्या अडचणी तिच्यात एकवटल्या आहेत. बाबेलचे संकट जवळ येत असता तो मंदिराच्या दाराशी उभा राहिला आणि म्हणाला, ‘हे परमेश्वराचे मंदिर’ असे घोकत बसल्याने तुमचा बचाव होणार नाही. चोऱ्या, व्यभिचार, खोट्या शपथा करून इथे येता, म्हणजे हे मंदिर तुम्ही लुटारूंची गुहा केली आहे. त्याच्यावर देहदंडाचा खटला झाला. तेव्हा काही वडीलधाऱ्यांनी उठून आठवण दिली की शंभरएक वर्षांपूर्वी मीखानेही सियोन, म्हणजे यरुशलेमची टेकडी, नांगरली जाईल असे म्हटले होते, आणि हिज्कीया राजाने त्याला मारले नव्हते. एका संदेष्ट्याचे शब्द दुसऱ्याच्या जिवावर बेतलेल्या प्रसंगी नजीर म्हणून पुढे आले, इतके ते तोवर लोकांच्या तोंडी बसले होते. पुढे यिर्मयाने बारूख या लेखनिकाकडून आपली वचने गुंडाळीवर लिहून घेतली. यहोयाकीम राजा शेकोटीपाशी बसून ती ऐकत होता. तीन-चार रकाने वाचून झाले की तो तेवढा भाग चाकूने कापून विस्तवात टाकी. यिर्मयाने सगळे पुन्हा सांगितले, बारूखने पुन्हा लिहिले, आणि त्यात भरही पडली.

काही वर्षांनी हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा मंदिरात म्हणाला की दोन वर्षांत बाबेलचे जू मोडेल. तोही परमेश्वराच्याच नावाने बोलत होता, आणि ऐकणाऱ्यांना दोघांतला खरा कोण हे कळण्याचा उपाय नव्हता. नियमशास्त्रातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात एक कसोटी दिलेली आहे: संदेष्ट्याचे बोलणे खरे ठरले नाही तर ते परमेश्वराचे नव्हते. पण ही कसोटी वेळ निघून गेल्यावरच लागते. यिर्मयाची वचने टिकली त्यामागेही हेच कारण आहे. इ.स.पू. ५८६च्या सुमारास नबुखद्नेस्सराने यरुशलेम आणि शलमोनाचे मंदिर जाळले, लोकांना बाबेलला नेले, आणि हद्दपारीत बसून आपल्यावर हे का ओढवले याचा विचार करणाऱ्यांना कळले की नको असलेली माणसे खरे बोलत होती.

हद्दपारीने संदेशाचा सूर पालटला. आता धाक घालण्यासारखे काही उरले नव्हते, म्हणून आशेची भाषा आली. यहेज्केलाला सुक्या हाडांनी भरलेले खोरे जिवंत होताना दिसले. यिर्मयाच्या ग्रंथात परमेश्वर नवा करार करील, तो लोकांच्या अंतःकरणावर लिहिलेला असेल, असे वचन आहे. यशयाच्या ग्रंथाचा ४० ते ५५ या अध्यायांचा भाग बहुतेक अभ्यासकांच्या मते याच काळातला, म्हणजे मूळ यशयानंतर दीडेकशे वर्षांनी झालेल्या एका अनामिक कवीचा आहे. त्यात इराणचा राजा कोरेश, म्हणजे सायरस, याला परमेश्वराचा अभिषिक्त म्हटले आहे. इतका मोठा किताब त्या ग्रंथात दुसऱ्या कोणाही परक्या राजाला मिळालेला नाही. इ.स.पू. ५३९मध्ये कोरेशाने बाबेल घेतले आणि यहुदी लोकांना परतण्याची मुभा मिळाली. याच भागात ‘परमेश्वराचा सेवक’ येतो: तुच्छ लेखलेला, इतरांच्या अपराधांसाठी घायाळ झालेला, वधाला नेलेल्या कोकराप्रमाणे मुकाट राहिलेला. हा सेवक म्हणजे कोण, हे कवीने कुठे स्पष्ट केलेले नाही. इतर ठिकाणी तो इस्राएल राष्ट्रालाच सेवक म्हणतो.

यापुढची काही शतके फारसे नवे संदेष्टे झाले नाहीत, निदान तशी यहुदी समजूत झाली. हाग्गय, जखऱ्या आणि मलाखी यांच्याबरोबर ती वाणी थांबली असे पुढील धर्मगुरू सांगतात. वाणी थांबली की ग्रंथांचे वाचन सुरू होते. सभास्थानांत दर शब्बाथला नियमशास्त्राबरोबर संदेष्ट्यांचा उतारा वाचला जाऊ लागला. आणि एक अपेक्षा रुजली. एलीया संदेष्टा मेला नव्हता, अग्निरथ त्याला वर घेऊन गेला होता. मलाखीच्या शेवटी तो परमेश्वराच्या दिवसाआधी परत येईल असे म्हटले आहे. कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजात ही श्रद्धा आजही जिवंत आहे: मंगलप्रसंगी आणि नवस फेडताना एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलीयाच्या, नावाने पोहे, खोबरे, गूळ आणि फळांचा मलिदा होतो, आणि अलिबागजवळच्या खंडाळा येथील खडकावरच्या खुणा त्याच्या रथाच्या मानल्या जातात.

ही अपेक्षा मनात ठेवून येशूचे चरित्र सांगणाऱ्या मार्काच्या शुभवर्तमानाची पहिली पाने वाचावीत. यार्देन नदीकाठी उंटाच्या केसांचे वस्त्र आणि कमरेला चामड्याचा पट्टा घातलेला योहान येतो. हा पेहराव वाचणाऱ्याला लगेच ओळखू येत असे, कारण राजांच्या दुसऱ्या पुस्तकात एलीयाची ओळख केसाळ वस्त्र आणि चामड्याचा पट्टा यांवरूनच पटते. योहानाकडून बाप्तिस्मा घेणारा येशूही आधी संदेष्टा म्हणूनच ओळखला गेला. लोक त्याच्याबद्दल काय बोलतात असे त्याने शिष्यांना विचारले, तेव्हा कोणी योहान, कोणी एलीया, कोणी संदेष्ट्यांपैकी एक म्हणतात, असे उत्तर आले. आपल्या गावात संदेष्ट्याला मान मिळत नाही, हे त्याचे स्वतःबद्दलचे वाक्य आहे. त्याच्या वागण्यातही तीच रीत दिसते. जुने संदेष्टे बोलण्याबरोबर काही करून दाखवीत: यशया तीन वर्षे उघडा आणि अनवाणी हिंडला, यिर्मयाने लोकांदेखत मडके फोडले आणि मानेवर जू घेऊन फिरला. येशू जखऱ्याच्या वचनाप्रमाणे गाढवावर बसून यरुशलेमात शिरतो, मंदिरातले सराफांचे चौरंग उलथवतो, आणि तसे करताना यिर्मयाचेच शब्द वापरतो: तुम्ही याची लुटारूंची गुहा केली आहे. ज्यांनी हे शब्द ऐकले त्यांना आधीच्या वेळी त्या मंदिराचे काय झाले हे पाठ होते.

लूकने सांगितलेला नासरेथचा प्रसंग मला याहून बोलका वाटतो. सभास्थानात येशूच्या हाती यशयाची गुंडाळी दिली जाते. गरिबांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, हा उतारा तो वाचतो आणि ‘आमच्या देवाचा सूड घेण्याचा दिवस’ हे पुढचे शब्द येण्याआधी थांबतो. लोक खूश होतात. मग तो आठवण देतो की एलीया दुष्काळात इस्राएलातल्या एकाही विधवेकडे न जाता सीदोनकडच्या सारफथला एका परदेशी विधवेकडे गेला, आणि अलीशाने बरा केलेला कोडी नामान हा सूरिया देशाचा सरदार होता. तेच लोक त्याला गावाबाहेरच्या कड्यावरून लोटायला निघतात. आमोसाला बेथेलमध्ये जे ऐकावे लागले त्याचीच ही पुढची पायरी आहे: देव आपला आहे या खात्रीवर बोट ठेवले की माणसे चिडतात.

‘मला यज्ञ नको, दया हवी’ हे होशेयाचे वचन मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूच्या तोंडी दोनदा येते. इ.स. ७०मध्ये रोमन सैन्याने दुसरे मंदिर उद्ध्वस्त केल्यावर आता पापांचे प्रायश्चित्त कसे व्हायचे असे एका शिष्याने विलाप करीत विचारले, तेव्हा रब्बी योहानान बेन झक्काई यांनी हेच वचन सांगून त्याचे सांत्वन केले, अशी यहुदी परंपरेतली कथा आहे. यज्ञवेदीशिवाय कसे जगायचे हा प्रश्न यहुदी आणि ख्रिस्ती या दोन्ही घरांपुढे एकाच पिढीत उभा राहिला आणि दोघांनीही आधार शोधला तो होशेयात. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात शेतमजुरांची अडवलेली मजुरी ओरडते आहे असे वाक्य आहे. त्यावर लेखकाचे नाव नसते तर ते आमोसाच्या किंवा मलाखीच्या ग्रंथात कोणालाही खपून गेले असते.

इथवर ख्रिस्ती शिकवण संदेष्ट्यांची वारसदार आहे. परंतु पहिल्या अनुयायांपुढे एक असा प्रश्न होता जो कोणत्याही संदेष्ट्याने सोडवून ठेवलेला नव्हता. मशीहा, म्हणजे अभिषिक्त राजा, वधस्तंभावर मरेल अशी अपेक्षा कोणी धरलेली नव्हती. तसे मरणे हाच तो मशीहा नसल्याचा पुरावा ठरला असता. तरीही येशू जिवंत झाला अशी त्यांची खात्री होती. म्हणून त्यांनी घडलेल्या गोष्टीपासून सुरुवात करून ग्रंथ मागे वाचत नेले. इ.स. ५०च्या दशकात लिहिलेल्या करिंथकरांस पहिल्या पत्रात प्रेषित पौल, ख्रिस्त ‘शास्त्रलेखांप्रमाणे’ मेला आणि ‘शास्त्रलेखांप्रमाणे’ उठला, हे आपल्यालाही इतरांकडून मिळालेले वचन म्हणून सांगतो. म्हणजे हा शोध पौलाच्याही आधी सुरू झाला होता.

या वाचनाची रीत समजायला मत्तयाचे एक उदाहरण पुरे. हेरोद राजाच्या भीतीने बाळ येशूला मिसरला नेले आणि परत आणले. त्यावर मत्तय म्हणतो की ‘मी आपल्या पुत्राला मिसरातून बोलावले’ हे संदेष्ट्याचे वचन पूर्ण झाले. मूळ वचन होशेयाचे आहे आणि ते भाकीत मुळीच नाही. होशेय मागे वळून पाहतो आहे. पुत्र म्हणजे इस्राएल राष्ट्र, आणि बोलावणे म्हणजे गुलामीतून सुटका. लगेच पुढच्या ओळीत हा पुत्र कसा बिघडला हे तो सांगतो. मत्तयाला हे ठाऊक नव्हते असे मानणे हा त्याच्यावर अन्याय होईल. त्याच्या कथेत येशू मिसरातून येतो, पाण्यातून पार होतो, रानात चाळीस दिवस परीक्षेत काढतो; राष्ट्राने चाळीस वर्षांत जे गमावले ते हा एकटा पुत्र निभावतो, असे त्याला दाखवायचे आहे. ‘पूर्ण झाले’ याचा अर्थ त्याच्या लेखी भाकीत जुळले एवढाच नसून अर्धवट राहिलेली गोष्ट तडीस गेली असाही आहे.

इम्मानुएलच्या वचनाचे तसेच. यशयाने ते अहाज राजाला, इ.स.पू. ७३४च्या आसपास, दोन शेजारी राजे यरुशलेमवर चालून येत असताना दिले: एका तरुण स्त्रीला इम्मानुएल नावाचा मुलगा होईल आणि त्याला बरेवाईट कळू लागण्याआधीच त्या दोन राजांचा मुलूख ओसाड पडेल. ही तर त्या लढाईपुरती मुदत होती. पुढे ग्रीक भाषांतरात त्या स्त्रीसाठी कुमारी असा शब्द आला, मत्तयापुढे ते ग्रीक भाषांतर होते, त्याने ते येशूच्या जन्माला लावले, आणि वचनाला दुसरे आयुष्य लाभले.

असे वाचणे ही ख्रिस्ती लोकांनी काढलेली युक्ती नव्हती. मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहांत १९४७पासून सापडलेल्या गुंडाळ्यांत यशयाच्या संपूर्ण ग्रंथाची सात मीटरहून लांब प्रत आहे, आणि त्याच ढिगात हबक्कूकवरची एक टीकाही आहे. हबक्कूक बाबेलच्या स्वारीबद्दल बोलतो. टीकाकार त्याचे एकेक वाक्य घेऊन ते आपल्या पंथाच्या काळात, आपल्या ‘नीतिमत्तेच्या शिक्षका’बद्दल कसे खरे ठरले हे सांगतो. ‘नीतिमान विश्वासाने जगेल’ हे हबक्कूकचे वचन तो या शिक्षकावर निष्ठा ठेवणाऱ्यांना लावतो, आणि पौल रोमकरांस पत्रात तेच वचन येशूवरील विश्वासाला लावतो. दोघेही यहुदी, दोघांनाही आपला काळ शेवटचा वाटत होता, आणि जुना ग्रंथ आपल्याच काळासाठी लिहिला गेला हे दोघांनीही धरून चाललेले. आमोसाच्या शेवटच्या ओळी, पडलेला दावीदाचा मंडप पुन्हा उभारण्याच्या, पहिल्या अनुयायांच्या यरुशलेमच्या बैठकीत याकोबाने उद्धृत केल्या, त्या परराष्ट्रीयांना सुंतेची अट न घालता मंडळीत घ्यावे यासाठी.

‘प्रेषितांची कृत्ये’ या नव्या करारातल्या पुस्तकात एक हबशी अधिकारी रथात बसून यशयातला सेवकाचा उतारा वाचतो आहे आणि येशूचा अनुयायी फिलिप्प याला विचारतो, संदेष्टा हे स्वतःबद्दल म्हणतो की दुसऱ्या कोणाबद्दल? फिलिप्प येशूपासून सुरुवात करतो. तिसऱ्या शतकात ख्रिस्ती विद्वान ओरिजेन लिहितो की आपल्याशी वाद घालणारे यहुदी विद्वान हा सेवक म्हणजे विखुरलेले संपूर्ण राष्ट्र असे सांगत. अकराव्या शतकात राशी या यहुदी भाष्यकारानेही तोच अर्थ दिला. कवीने नाव दिले नव्हते, त्यामुळे दोन्ही उत्तरांना जागा राहिली.

पण एका ठिकाणी हा वारसा बिघडला, आणि ते सौम्य शब्दांत सांगण्याचे कारण नाही. संदेष्ट्यांची कठोर भाषा घरातली होती. यशया आपल्याच लोकांना हटवादी म्हणे, येशू आपल्याच यरुशलेमला ‘संदेष्ट्यांना मारणारी’ म्हणून रडे. मंडळी बहुतांशी परराष्ट्रीयांची झाल्यावर तेच शब्द बाहेरच्यांनी यहुद्यांविरुद्ध उच्चारायला घेतले, आणि आत्मपरीक्षणाचे शब्द दुसऱ्यावरचा आरोप झाले. इ.स. १४४च्या सुमारास रोममध्ये मार्सियन नावाच्या ख्रिस्ती शिक्षकाने जुना ग्रंथच सोडून द्यावा असे सुचवले. त्याच्या मते तो दुसऱ्याच, खालच्या देवाचा होता. मंडळीने त्याला बाहेर काढले आणि संदेष्टे ठेवले. मात्र पुढच्या वीसएक वर्षांतच ख्रिस्ती लेखक जस्टिन याने ट्रायफो नावाच्या यहुद्याशी झालेला संवाद लिहिला, त्यात ट्रायफो इम्मानुएलचे वचन हिज्कीयाबद्दल असल्याचे दाखवतो, आणि जस्टिन त्याला एके ठिकाणी म्हणतो की ही शास्त्रे तुमची, किंबहुना तुमची नव्हेत, आमची. ग्रंथांच्या मांडणीतही हा फरक उमटला. इब्री शास्त्रात संदेष्ट्यांचा विभाग मधोमध येतो आणि शेवट कोरेशाच्या ‘परत जा’ या फर्मानाने होतो; ख्रिस्ती जुना करार संदेष्ट्यांवर, मलाखीच्या एलीयावर संपतो, म्हणजे पान उलटले की मत्तय.

हे सगळे पुस्तकातल्या संदेष्ट्यांबद्दल झाले. मंडळीत जिवंत संदेष्टेही होते. पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याच्या, दिवशी पेत्राने योएलाचे वचन सांगितले की तुमचे पुत्र आणि कन्या संदेश देतील, आणि फिलिप्पाच्या चारही मुली संदेश देत असल्याची नोंद आहे. अगब नावाच्या संदेष्ट्याने पौलाच्या कमरपट्ट्याने स्वतःचे हातपाय बांधून त्याची अटक सूचित केली, अगदी यिर्मयाच्या रीतीने. अडचणही यिर्मयाच्याच काळची उरली होती: खरा कोण? पहिल्या शतकाच्या शेवटी किंवा दुसऱ्याच्या आरंभी लिहिलेल्या ‘दिदाखे’ या छोट्या नियमपुस्तिकेत, जिची हस्तलिखित प्रत १८७३मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडली, त्यावर घरगुती उपाय आहेत. फिरता प्रेषित एक दिवस राहील, गरज पडल्यास दोन. तीन दिवस राहिला तर तो खोटा. आत्म्याच्या प्रेरणेने ताट वाढायला सांगून स्वतःच जेवणारा खोटा. मला पैसे द्या म्हणणाऱ्याचे ऐकू नका, दुसऱ्या गरजवंतासाठी मागत असेल तर त्याला बोल लावू नका. भाकीत खरे ठरण्याची वाट न पाहता माणसाच्या वागण्यावरून त्याला ओळखण्याचा हा प्रयत्न मला फार शहाणपणाचा वाटतो.

त्याच पुस्तिकेत मात्र असेही आहे की गावात स्थायिक झालेल्या खऱ्या संदेष्ट्याला द्राक्षकुंडाचे, खळ्याचे आणि गुराढोरांचे प्रथमफळ द्यावे, कारण संदेष्टे हे तुमचे मुख्य याजक आहेत. आणि संदेष्टा नसेल तर ते गरिबांना द्यावे. आणखी थोड्या ओळींनंतर अध्यक्ष आणि सेवक निवडावेत, तेही संदेष्ट्यांचेच सेवाकार्य करतात, असे येते. बदल कुठल्या दिशेने चालला होता हे या दोन नियमांत दिसते. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर जस्टिन रविवारच्या उपासनेचे वर्णन करतो तेव्हा प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तितका वेळ वाचले जातात आणि मग अध्यक्ष उपदेश करतो.

त्याच शतकाच्या उत्तरार्धात आजच्या तुर्कस्तानातल्या फ्रिगिया भागात मोंटानस आणि त्याच्याबरोबर प्रिस्किला व मॅक्सिमिला या दोन स्त्रिया आत्म्याच्या नावाने बोलू लागल्या, आणि कार्थेजच्या टर्टुलियनसारखा बुद्धिमान लेखकही पुढे त्यांच्याकडे वळला. बिशपांनी त्यांना विरोध केला. शुद्ध हरपून बोलणारा खरा संदेष्टा नसतो, असा त्यांचा एक मुद्दा होता. माझ्यानंतर कोणी संदेष्टा होणार नाही, मग शेवटच येईल, असे मॅक्सिमिला सांगत असे. युद्धे आणि उलथापालथी होतील असेही ती म्हणाली होती. युसेबियस या ख्रिस्ती इतिहासकाराने आपल्या इतिहासात जपलेल्या एका निनावी विरोधकाने तिला अनुवादाच्या पुस्तकातली तीच जुनी कसोटी लावली: ही बाई जाऊन तेरा वर्षांहून अधिक काळ लोटला, आणि जगात कुठे युद्ध झालेले नाही, ना मोठे ना लहान.